विज्ञानाचा तास आणि मुलांच्या घरची श्रद्धा: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या शिक्षकांसाठी

विज्ञान शिकवायला पहिल्यांदाच वर्गात उभे राहणार असाल, तर पाठ्यपुस्तकात नसलेला एक प्रश्न तुमच्या वाट्याला नक्की येणार आहे. सहसा तो तास संपता संपता येतो. "सर, मग आजी सांगते ते खोटं का?" किंवा "मॅडम, आमच्या मौलानांनी तर वेगळंच सांगितलंय." सगळा वर्ग तुमच्या तोंडाकडे बघत असतो. त्या क्षणी दोन सोपे रस्ते दिसतात. एक, हसून आजीला उडवून लावायचं. दुसरा, "ते वेगळं, हे वेगळं" म्हणून विषय मिटवायचा. दोन्ही टाळा. पहिल्याने मूल गप्प होतं आणि वर्षभर गप्पच राहतं. दुसऱ्याने विज्ञान फक्त पेपरात लिहायची गोष्ट होऊन बसतं.

माझं मत स्पष्ट आहे. विज्ञान पूर्ण शिकवायचं, एक ओळसुद्धा पातळ करायची नाही. आणि ते शिकण्यासाठी कोणत्याही मुलाला स्वतःच्या घराशी वैर घ्यायला लावायचं नाही. या दोन्ही गोष्टी एका वेळी साधतात, पण त्यासाठी आधी तयारी करावी लागते. ती कोणत्या क्रमाने करायची, ते सांगतो.

पहिली पायरी: वर्ग ओळखा, पण धर्म-जात न विचारता

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात एक गृहपाठ द्या: "आपल्या घरी चंद्र बघून काय काय ठरतं, ते मोठ्या माणसांना विचारून लिहून आणा." एवढंच. वह्या परत आल्या की वर्ग आपोआप समजत जातो. कुणाची आई संकष्टीला चंद्रोदयानंतरच जेवते. कुणाच्या इमारतीत ईदचा चांद बघायला सगळे गच्चीवर जातात. कुणी बुद्धपौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जातं. कुणाच्या चर्चमध्ये ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. चेंदणीच्या किंवा दिवाळे गावच्या कोळीवाड्यातलं मूल नारळी पौर्णिमा आणि उधाण लिहून आणतं. दोन-चार वह्यांत "आमच्याकडे काही ठरत नाही" असंही येतं. तेही इतर उत्तरांइतक्याच आदराने वाचून दाखवा.

आडनावावरून घर ताडू नका. "आपल्याकडे", "आपल्या संस्कृतीत" हे शब्दही जपून वापरा, कारण ते उच्चारले की अर्धा वर्ग पाहुणा होतो. बौद्ध घरातल्या मुलांच्या बाबतीत हे हमखास घडतं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा झाली, तेव्हापासून त्या घरात देव-नवस सोडलेले असू शकतात आणि प्रश्न विचारणं हाच घरचा वारसा असू शकतो. अशा मुलाला "तुमच्याकडे काय करतात?" असं कुतूहलाने विचारा, पण त्याचं उत्तर इतरांना टोचायला वापरू नका. "बघा, याला कळतं, तुम्हाला कळत नाही" हे वाक्य वर्गाची दोन तुकड्यांत वाटणी करतं.

दुसरी पायरी: आपण कशाच्या जोरावर उभे आहोत ते माहीत असू द्या

राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत. ती १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली आणि त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद व शोधक बुद्धी वाढवणं हे एक आहे. त्याच घटनेचं कलम २५ प्रत्येकाला श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं. तुमच्या वर्गात ही दोन्ही कलमं एकत्र नांदली पाहिजेत. म्हणून कुणी विचारलं, "हे शिकवायलाच हवं का?" तर उत्तर "हो". आणि "मुलाने घरी पूजा करावी की नाही, नमाज पढावा की नाही, हे तुम्ही ठरवणार का?" तर उत्तर "नाही".

तिसरी पायरी: ऐकलेलं वेगळं करायला शिका

हीच खरी कामाची गोष्ट. मूल घरून एखादी गोष्ट घेऊन येतं तेव्हा त्यात बहुतेक वेळा तीन वेगळे धागे गुंतलेले असतात. एक असतो दावा: अमुक केलं की तमुक होतं. हा तपासता येतो. दुसरा असतो आचार: आम्ही या दिवशी हे खात नाही, असं वागतो. हा घराचा प्रश्न आहे. तिसरा असतो अर्थ: हे जग कशासाठी आहे, मेल्यावर काय, माझ्यावर कुणाचं लक्ष आहे का. यावर प्रयोगशाळेत काही सिद्ध किंवा असिद्ध करता येत नाही.

तुमचं काम पहिल्या धाग्याशी आहे. तिथे अजिबात कचरू नका. बाकी दोघांना हात लावायची गरज नसते.

एक उदाहरण घेऊ. पाळीत लोणच्याला हात लावला की ते नासतं, असं एक मुलगी सांगते. हा दावा आहे. बुरशी कशामुळे लागते, मीठ-तेल काय करतं, ओला चमचा बुडवला तर काय होतं, हे सगळं सूक्ष्मजीवांच्या धड्यातच येतं, तिथे मोकळेपणाने शिकवा. ते रक्त "अशुद्ध" असतं हाही दावाच. ते गर्भाशयाचं अस्तर आणि रक्त असतं, त्यात विटाळासारखं काही नसतं, हे मुलांनाही ऐकू जाईल अशा स्पष्ट आवाजात सांगा. पण त्या दिवसांत तिने देवघरात जावं का, मशिदीत जावं का, हा निर्णय तुम्ही तासाला देऊ नका. तिला शरीराची खरी माहिती मिळाली की पुढचं बोलणं ती घरी स्वतः करेल, तिच्या वेळेने.

माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून ऑगस्ट २००६मध्ये लोक ते प्यायला धावले होते. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. वर्गात ही दोन्ही उदाहरणं जोडीने घ्या. एकात पावसाळ्यात खाडीत येणाऱ्या गोड्या पाण्याची चर्चा होते, दुसऱ्यात पृष्ठताण आणि केशाकर्षण. आणि कोणत्याही एका समाजाला आपल्यालाच लक्ष्य केल्यासारखं वाटत नाही. वर्षभराचं टाचण लिहिताना हे एकदा तपासून बघा: तुमची सगळी "चुकीच्या समजुतीं"ची उदाहरणं एकाच धर्मातून येत असतील, तर मुलांच्या ते तुमच्या आधी लक्षात येतं.

चौथी पायरी: सुरुवात चंद्रापासून करा

नव्या शिक्षकाने उत्क्रांतीपासून किंवा ग्रहणापासून वाद ओढवून घेऊ नये. चंद्रापासून सुरुवात करावी, कारण इथे घरचं ज्ञान आणि पुस्तकातलं ज्ञान खांद्याला खांदा लावून उभं असतं.

महिनाभर मुलांना चंद्र बघायला लावा. उगवण्याची वेळ, आकार, दिशा, एवढंच प्रयोगवहीत लिहायचं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, मग रोज साधारण ५० मिनिटं उशीर करतो. म्हणून संकष्टीला आईला नऊ-साडेनऊपर्यंत थांबावं लागतं. कॅलेंडरवर नागपूरचा चंद्रोदय आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी का छापलेला असतो, हे विचारा. रेखांशाचा धडा तिथेच होऊन जातो.

पुढच्या तासाला गणित. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी. हिजरी वर्ष हा फरक तसाच राहू देतं, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरतो आणि सुमारे ३३ वर्षांत फेरी पूर्ण करतो. पंचांग हा फरक साठवून अधिक महिना घालतं. २०२३मध्ये अधिक श्रावण होता, २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ. म्हणून दिवाळी पावसाळ्यात जात नाही. ईस्टर २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी असतो. एकाच चंद्राचे तीन हिशोब, तिन्ही काटेकोर. फळ्यावर हे तिन्ही शेजारी शेजारी मांडले की कुठल्याच मुलाचं घर अडाणी ठरत नाही.

आणि मग कोळीवाडा. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. एखाद्या मुलाच्या आजोबांना ही रीत येत असेल तर त्याला फळ्यापाशी बोलवा आणि त्यालाच मांडू द्या. मग वर्गाला विचारा, पाऊणच का? चंद्राच्या उशिराची बेरीज तीस तिथींत पूर्ण २४ तास होते, म्हणजे एका तिथीला सरासरी ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तीनच मिनिटांचा फरक! तोंडी करता येईल असा हिशोब आणि समुद्रावर पुरेसा बिनचूक. खाडीच्या आत, ठाण्याच्या बाजूला, भरती थोडी मागे पडते, तो फरक मुलांनाच छापील भरतीच्या वेळांशी ताडून काढू द्या. ज्या मुलाने वर्गात आजवर हात वर केलेला नसतो, ते या तासाला बोलतं.

पाचवी पायरी: ग्रहणाची तयारी वर्षभर आधी

२ ऑगस्ट २०२७ हा सोमवार आहे. त्या दुपारनंतर ठाणे-नवी मुंबईतून खंडग्रास सूर्यग्रहण असेल. खग्रासचा पट्टा स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अरेबियावरून जातो. पावसाळा आहे, ढग असतील, पण शाळेत प्रश्न मात्र नक्की येतील. बरेच पालक त्या दिवशी मुलांना घरी ठेवतील. त्यांच्यावर हजेरीचा बडगा उगारू नका.

काय करायचं? मुलांना आधी सांगा की घरातली मोठी माणसं "ग्रहणात सूर्याकडे बघू नकोस" म्हणतात ते बरोबरच आहे. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर दृष्टिपटलाला कायमची इजा होते, आणि तेव्हा दुखतही नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल हे काही चालत नाही. प्रमाणित सौरचष्मा वापरा, नाहीतर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाडा. शाळेत झाड असेल तर पानांच्या फटींतून जमिनीवर पडणाऱ्या शेकडो चंद्रकोरी दाखवा. घरी बसलेल्या मुलालाही खिडकीच्या उन्हात हे करता येतं आणि त्याला कुणाची आज्ञा मोडावी लागत नाही.

चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, हे आर्यभटाने इसवी सन ४९९च्या सुमारास लिहून ठेवलं होतं. हे जरूर सांगा. पण तिथेच थांबा, "सगळं आपल्याकडे आधीच होतं" पर्यंत ताणू नका.

ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, हा दावा वर्गात येतोच. त्याला उत्तर द्यायच्या आधी वर्गावर एक नजर फिरवा. ओठाची शस्त्रक्रिया झालेलं मूल समोर बसलेलं असू शकतं आणि त्याच्या आईने वर्षानुवर्षं हा दोष स्वतःकडे घेतलेला असू शकतो. म्हणून हे कुणाकडेही न बघता, शांतपणे सांगा: हे गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत ठरतं, त्यामागे जनुकं आणि इतर अनेक कारणं असतात, ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही आणि आईचा काहीही दोष नसतो. ही माहिती त्या घरापर्यंत पोचली तर तुमच्या पाठाचं त्याहून मोठं फळ नाही.

सहावी पायरी: उत्क्रांती

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २चं पहिलंच प्रकरण आनुवंशिकता व उत्क्रांती. सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३मध्ये वगळला गेला, बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे. नवी मुंबईत दोन्ही मंडळांची मुलं एकाच शिकवणीला बसतात, त्यामुळे "आम्हाला हे नाहीच" असंही ऐकू येईल. तरी थोडक्यात शिकवा, कारण त्याशिवाय प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणूसुद्धा समजत नाहीत.

"माणूस माकडापासून झाला" हे वाक्य तोंडातून काढूच नका. ते चूकही आहे आणि दुखावणारंही. आजची माकडं आणि आपण यांचे पूर्वज एक होते. चिंपांझी आणि माणूस यांच्या शाखा साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. पुराव्यापासून सुरुवात करा: माकडहाड, अक्कलदाढ, कान हलवणारे स्नायू. निष्कर्ष मुलांना काढू द्या.

दशावतार म्हणजेच उत्क्रांती, असं सांगायचा मोह अनेकांना होतो. हेतू चांगला असतो, मुलांना आपलंसं वाटावं. पण तो मोह आवरा. अवतारकथेत एकच देव रूपं घेतो. उत्क्रांतीत पिढ्यान्‌पिढ्या समूह बदलतो, त्यात कुणी ठरवून काही करत नाही. सांधा जुळवला की विज्ञानही चुकतं आणि कथेचा अर्थही हरवतो. कुराणात गर्भविज्ञान शोधणं, बायबलच्या दिवसांचे युगांत हिशोब बसवणं, यालाही हेच लागू.

प्रश्नपत्रिकेची भाषाही तपासा. "उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार अवशेषांगांचं स्पष्टीकरण द्या" असं विचारा. "तुम्हाला उत्क्रांती पटते का?" असं कधीही नको. मुलाला सिद्धांत समजला आहे की नाही, एवढ्यालाच गुण द्यायचे.

श्रद्धा ठेवून विज्ञान करता येतं का, असं कुणी मनापासून विचारलं तर माणसं दाखवा. ज्याच्या वाटाण्यांवर अख्खं प्रकरण उभं आहे तो मेंडेल मठात राहणारा साधू होता. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना १९२७मध्ये मांडणारा लमेत्र कॅथलिक पाद्री होता. १९७९चं भौतिकशास्त्राचं नोबेल अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांना ग्लॅशो यांच्याबरोबर मिळालं. सलाम श्रद्धावान मुसलमान, वाइनबर्ग उघड नास्तिक, आणि दोघांची समीकरणं एकाच सिद्धांताकडे गेली.

सातवी पायरी: प्रयोगाचं साहित्य

इथे फारसं अवघड काही नाही, फक्त आदल्या दिवशी सांगायचं. परासरणासाठी अंड्याऐवजी मनुका घ्या. पिष्टाच्या चाचणीला बटाट्याबरोबर तांदूळही ठेवा, जैन मुलाला न विचारताच सोय होते. स्पिरिट हे पिण्याचं नाही, पानातलं हरितद्रव्य काढायला आहे, हे सांगितलं की बहुतेक शंका मिटतात. बोकडाचा डोळा किंवा हृदय दाखवणार असाल तर प्रतिकृतीचा पर्याय ठेवा आणि कोण कुठे बसलं याची चर्चा करू नका. रमजानमध्ये उन्हातली निरीक्षणं सकाळी उरका.

आनुवंशिकतेत मात्र सांभाळून. मुलांच्या घरच्यांचे रक्तगट जमवून तक्ता करायला लावू नका; दत्तक मूल, सावत्र पालक, घरातलं गुपित, काहीही बाहेर पडू शकतं. काल्पनिक कुटुंब घ्या. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल शिकवताना विशिष्ट समाजांत प्रमाण जास्त आहे हे सांगावं लागेल, तेव्हा लगेच पुढचं वाक्य जोडा: दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि हे रक्ताच्या साध्या तपासणीने आधी कळतं. मामाच्या मुलीशी लग्न अनेक मराठी घरांतही होतं, चुलत नात्यात इतर समाजांतही. शक्यता समजावून सांगा, नाकं मुरडू नका.

जिथे नमतं घ्यायचं नाही

आदर म्हणजे सगळ्याला मान डोलावणं असं कुणी समजत असेल तर ते इथे थांबतं. येऊरच्या पाड्यांवरून येणारी मुलं वाघोबाला मानतात. बिबट्याबरोबर एकाच जंगलात राहणाऱ्या माणसांनी त्याला देव म्हणून जागा दिली, याला परिसंस्थेच्या धड्यात मानाचं स्थान द्या. पण त्याच पाड्यावर साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेत असतील तर तिथे गप्प बसायचं नाही.

नुसतं "अंधश्रद्धा आहे" म्हणून भागत नाही, कारण मुलाने मंत्राने बरा झालेला माणूस डोळ्यांनी पाहिलेला असतो. तो का बरा झाला ते सांगा. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. तो माणूस मंत्राशिवायही वाचला असता. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचं विष अंगात गेलं असेल तर सर्पविषप्रतिबंधक लसच लागते, आणि वेळ हातातून जात असतो. मण्यार चावल्याची खूणही कधी कधी दिसत नाही. म्हणून क्रम पाठ करून घ्या: हालचाल नको, कापाकापी नको, आवळून बांधणं नको, थेट सरकारी रुग्णालय. मुलाच्या आजोबांना मंत्र म्हणायचा असेल तर गाडीत बसून म्हणू द्या. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही मोठ्या मुलांना ठाऊक असू द्या.

पालक भेटायला आले तर

येतील. आधी खुर्ची द्या, पूर्ण ऐकून घ्या, मग पाठ्यपुस्तकाचं पान उघडून दाखवा. वाक्य साधं ठेवा: "काका, मी हे मुलाला समजावणार आहे आणि परीक्षेत विचारणार आहे. त्याने घरी काय मानावं ते मी सांगत नाही, आणि वर्गात तुमच्या घराबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ते चालवून घेत नाही." बहुतेकांची खरी काळजी दुसऱ्या वाक्यातच मिटते. तरीही आवाज चढला तर मुख्याध्यापकांसमोर बसा. म्हणूनच अवघड पाठांची टाचणं त्यांना आधी दाखवून ठेवावीत. वर्गातलं बोलणं कुणी मोबाइलवर अर्धवट पसरवलं, तर टाचण हाताशी असलेलं बरं.

एकट्याने सगळं निभावायचं नाही. वाशीहून खाडीपूल ओलांडला की पुढचंच स्टेशन मानखुर्द, तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद, १९६६पासून मराठीतून काम करणारी. मुलांना घेऊन जायचं असेल तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठा. शक्यतो हिवाळ्यात, खाडीत रोहित पक्षी असताना. होडीची फेरी भरतीवर अवलंबून असते, तेव्हा निघायची वेळ तिथीच्या पाऊणपटीवरून वर्गालाच काढू द्या आणि मग केंद्रावर फोन करून पक्की करा.